वॉर्सा : जुनें काय आणि नवें काय

युरोपांतील जुन्या राजधान्या पाहावयास निघालेल्या प्रवाशाजवळ वेळ नेहमींच थोडा असतो. रोमला चार दिवस, व्हिएन्नाला तीन, प्रागला दोन, अशी वांटणी करतां करतां पोलंडच्या वॉर्सा शहरासाठीं फार तर दोन दिवस उरतात. अशा दोन दिवसांच्या पाहुण्याचीं पावलें बहुधा प्रथम वळतात तीं राजवाड्यापुढील चौकाकडे. तेथें सकाळच्या वेळीं उभें राहिल्यास एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. राजवाड्याच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजविली जाते. पण ती अकराच्या ठोक्याला नव्हे, बाराच्या ठोक्यालाही नव्हे, तर बरोबर सव्वाअकरा वाजतां. ही वेळ कशावरून ठरली, याचें उत्तर शोधूं लागलें कीं, या शहराचा अर्वाचीन इतिहास आपोआप उलगडूं लागतो.

चौकाच्या मध्यभागीं एक उंच स्तंभ आहे. त्याच्या माथ्यावर एका हातांत क्रूस व दुसऱ्या हातांत तलवार घेतलेला एक राजा उभा आहे. हा तिसरा सिगिस्मुंड होय. पोलंडची राजधानी पूर्वीं दक्षिणेकडे क्राकोव्ह येथें होती. परंतु पोलंड व लिथुआनिया हीं दोन राज्यें १५६९ मध्यें एक झाल्यानंतर दोहोंच्या प्रतिनिधींस सारखेंच सोयीचें असें व्हिस्टुला नदीवरील वॉर्सा हें महत्त्वास चढलें. सिगिस्मुंडानें १५९६ पासून आपला दरबार इकडे हलविण्यास प्रारंभ केला, आणि त्याच्या पुत्रानें १६४४ मध्यें पित्याच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला. स्तंभाच्या एका बाजूस तांबूस भिंतींचा विस्तीर्ण राजवाडा आहे. दुसऱ्या बाजूस जुन्या गांवाच्या अरुंद गल्ल्या, उतरत्या कौलांचीं उंच चिंचोळीं घरें आणि त्यांच्या दर्शनी भिंतींवरील रंगकाम व नक्षी. प्रवाशाचें समाधान होतें. तीनशें वर्षांपूर्वींचा युरोप जसा असावा अशी त्याची कल्पना असते, अगदीं तसाच तो त्याच्यापुढें उभा असतो.

मात्र थोडीं पावलें चालून राजवाड्याच्या कडेला गेलें कीं, जमिनीवर आडवे पडलेले प्रचंड दगडी खांबांचे तुकडे दिसतात. सिगिस्मुंडाचा मूळचा संगमरवरी खांब आणि १८८७ मध्यें त्याच्या जागीं बसविलेला ग्रॅनाइटचा खांब, अशा दोहोंचे हे अवशेष आहेत. चौकांत उभा असलेला खांब १९४९ चा. त्यावरील कांशाचा राजा तेवढा मूळचा. मग एकेक गोष्ट उमगत जाते. जुन्या गांवांतील तीं घरें १९५० च्या आगेंमागें बांधलेलीं आहेत. राजवाड्याचें बांधकाम तर १९७१ मध्यें ठरलें, आणि तो लोकांस खुला झाला १९८४ मध्यें. जुनें म्हणून जें डोळे भरून पाहिलें, तें नवें. आणि खरें जुनें तें पायांशीं तुकडे होऊन पडलेलें. या शहराच्या दर्शनाचा आरंभ येथूनच होतो.

हा उलटा प्रकार कसा घडला हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. याच राजवाड्यांत ३ मे १७९१ रोजीं पोलंडच्या संसदेनें नवी राज्यघटना संमत केली. अर्वाचीन काळांतील लिखित राज्यघटनांपैकीं युरोपांतील पहिली असा तिचा गौरव केला जातो. पुढें चारच वर्षांनीं रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनीं पोलंडचा उरलासुरला मुलूख वांटून घेतला, आणि १९१८ पर्यंत स्वतंत्र पोलंड युरोपच्या नकाशावर राहिला नाहीं. ज्या राष्ट्रास राज्य नसतें, त्यास आपल्या अस्तित्वाच्या खुणा भाषेंत, धर्मांत, संगीतांत आणि जुन्या वास्तूंत जपाव्या लागतात. पोलिश लोकांनीं त्या जपल्या. संगीतकार शोपँ १८४९ मध्यें पॅरिस येथें वारला, तेव्हां त्याचें हृदय त्याच्या बहिणीनें मायदेशीं आणलें. तें आज वॉर्साच्या राजरस्त्यावरील होली क्रॉस चर्चच्या एका खांबांत आहे. ज्यांनीं एका कलावंताचें हृदय इतक्या निगुतीनें सांभाळलें, त्यांस आपला राजवाडा म्हणजे केवळ विटा आणि चुना वाटणें शक्यच नव्हतें. ही गोष्ट त्यांच्या शत्रूसही पुरती ठाऊक होती.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली. १७ सप्टेंबरला तोफांच्या माऱ्यानें राजवाड्यास आग लागली, मनोरा पेटला, आणि त्यावरील घड्याळ सव्वाअकरावर थांबलें. तुतारीची वेळ ती हीच. वाड्याची देखरेख करणारा अधिकारी त्या दिवशीं तेथेंच मारला गेला. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्लाव लोरेन्त्स व त्यांचे सहकारी यांनीं जळक्या दालनांतून चित्रें, दरवाजे, लांकडी कोरीव काम, नक्षीचे तुकडे, जें हातीं लागेल तें बाहेर काढलें. शहर जर्मनांच्या ताब्यांत गेल्यावर त्यांनीं वाड्याच्या भिंतींना सुरुंगांसाठीं ओळीनें भोंकें पाडून ठेविलीं. तीं भोंकें अंगावर घेऊन त्या भिंती जवळजवळ पांच वर्षें उभ्या होत्या.

१ ऑगस्ट १९४४ रोजीं सायंकाळीं पांच वाजतां पोलंडच्या गुप्त सैन्यानें वॉर्सांत उठाव केला. रशियन फौजा पूर्वेकडून शहराजवळ येऊन ठेपल्या होत्या. त्या आंत येण्यापूर्वीं आपली राजधानी आपल्याच हातांनीं मुक्त करावी, हा त्यांतील हेतु. परंतु त्या फौजा वेळेवर पुढें सरकल्या नाहींत, आणि शहर ६३ दिवस जवळजवळ एकाकी लढलें. जुन्या गांवानें महिनाभर टिकाव धरला. तें पडलें तेव्हां तेथील सैनिक भुयारी गटारांतून निसटले. ज्या तोंडानें ते गटारांत उतरले तें क्रासिन्स्की चौकाजवळ आजही दाखवितात. सेंट जॉनच्या मुख्य चर्चच्या बाहेरील भिंतींत स्फोटकें वाहून नेणाऱ्या जर्मन गाडीच्या लोखंडी पट्ट्याचा तुकडा बसविलेला आहे, तोही याच लढाईंतला. या उठावांत दीड ते दोन लाख नागरिक प्राणांस मुकले. जुनें गांव हातीं आल्यावर जर्मनांनीं राजवाड्याच्या त्या भोंकांत सुरुंग ठासले आणि वाडा उडवून दिला.

२ ऑक्टोबरला शरणागतीचा करार झाला आणि उरलेल्या सर्व रहिवाशांस शहराबाहेर काढण्यांत आलें. इतर शहरें लढाईंत पडतात; वॉर्सा बरेंचसें लढाई संपल्यावर पाडलें गेलें. आग लावणारीं व सुरुंग लावणारीं पथकें एकेका रस्त्यावरून पद्धतशीरपणें फिरलीं. वाडे, चर्चें, ग्रंथालयें, दप्तरखाने यांची निवड करून तीं नष्ट करण्यांत आलीं. १७ जानेवारी १९४५ रोजीं रशियन व पोलिश सैन्य आंत आलें, तेव्हां ऐतिहासिक शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग उद्ध्वस्त झालेला होता. राजधानी दुसऱ्या शहरीं न्यावी, असाही विचार त्या वेळीं पुढें आला. तो मागें पडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्यें राजधानीच्या पुनर्रचनेची कचेरी स्थापन झाली.

पण जें नाहींसें झालें तें पुन्हा उभारावयाचें कशाच्या आधारानें? येथें दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, परक्या चित्रकाराची नजर. आणि दुसरी, विद्यार्थ्यांनीं काढलेले आराखडे.

चित्रकार होता बेर्नार्दो बेलोत्तो. व्हेनिसच्या सुप्रसिद्ध कानालेत्तोचा हा भाचा. तोही स्वतःस कानालेत्तो म्हणवी. १७६७ मध्यें तो वॉर्सास आला आणि राजा स्टानिस्लाव ऑगस्ट याच्या पदरीं राहून १७८० मध्यें तेथेंच वारला. राजवाड्यांतील एका दालनासाठीं त्यानें शहराचीं मोठमोठीं दृश्यें रंगविलीं. त्यांतील २२ आज त्याच दालनांत लावलेलीं आहेत. काळोख्या पेटींत भिंगावाटे प्रतिमा पाडून रेषा टिपण्याची युक्ति तो वापरी. त्यामुळें खिडक्या, कमानी, छपरें हीं त्याच्या चित्रांत बारकाईनें उतरलीं आहेत. या चित्रांचेंही प्रारब्ध शहरासारखेंच. रशियाच्या झारानें तीं नेलीं आणि पहिल्या महायुद्धानंतर तीं परत मिळालीं. पुढें जर्मनांनीं तीं नेलीं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीं पुन्हा परत आलीं. राजरस्त्यावरील कित्येक इमारतींचीं दर्शनी अंगें ठरवितांना शिल्पज्ञांनीं या चित्रांचा आधार घेतला. चित्रकारानें कोठें सौंदर्यासाठीं वास्तवांत फेरफार केला असेल, तर तो फेरफारही कोठें कोठें दगडांत उतरला!

आराखड्यांची कथा याहून साधी आणि याहून मोलाची आहे. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठांत ऑस्कर सोस्नोव्स्की या अध्यापकांनीं पोलिश वास्तुकलेच्या अभ्यासाचा एक विभाग चालविला होता. विद्यार्थ्यांनीं जुन्या इमारतींवर जावें, फीत लावून मोजमापें घ्यावींत आणि कागदावर आराखडे उतरावेत, असा तेथील परिपाठ. त्या वेळीं तो अभ्यासक्रमाचा रोजचा भाग होता; त्यांत कोणासही पराक्रम दिसला नसता. १९३९ च्या वेढ्यांत हा संग्रह वाचवूं पाहतांना सोस्नोव्स्की प्राणांतिक जखमी झाले. त्यांच्यामागून यान झाखवातोविच प्रभृतींनीं हें काम गुप्तपणें चालू ठेविलें. उठाव मोडल्यावर शहर जळत असतांनाच त्यांनीं हे कागद बाहेर काढले आणि ते प्योत्रकूव येथील एका मठांत दडविले. युद्ध संपल्यावर ते परत आणण्यांत आले. जुन्या गांवाचा कोणता दरवाजा किती रुंद आणि कोणतें छप्पर किती उतरतें होतें, हें पुष्कळशा बाबतींत त्या कागदांनींच सांगितलें.

तरीही एक प्रश्न उरला होता, आणि तो शिल्पशास्त्राहून नीतिशास्त्राचा अधिक होता. पडलेली वास्तु हुबेहूब पुन्हा बांधणें म्हणजे इतिहासाची नक्कल करणें होय; अवशेष राखावे, परंतु खोटें जुनें निर्माण करूं नये, असा युरोपांतील जाणत्यांचा दंडक होता. झाखवातोविच स्वतः त्याच शिस्तींत वाढलेले. परंतु वॉर्साच्या वास्तु काळानें किंवा अपघातानें पडल्या नव्हत्या. राष्ट्राची स्मृति पुसावी या हेतूनें त्या पाडण्यांत आल्या होत्या. अशा वेळीं नियमाकडे बोट दाखवून स्वस्थ बसणें म्हणजे पाडणाऱ्याचें काम पुरें होऊं देणें, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला. ढिगाऱ्यांतील विटा निवडण्यांत आल्या. इतर पडक्या शहरांतूनही विटा आणल्या. जुलै १९५३ मध्यें जुन्या गांवाचा बाजारचौक पुन्हा गजबजला.

अर्थात् जें उभें राहिलें तें १९३९ चें शहर नव्हे. युद्धापूर्वीं हा भाग दाटीवाटीचा आणि बराच मोडकळीस आलेला होता. नव्या रचनेंत एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ भर वगळण्यांत आली, मागील अंगणें मोकळीं केलीं आणि जुन्या दर्शनी भिंतींआड नव्या सोयींचीं बिऱ्हाडें बसविलीं. मुख्य चर्चचा दर्शनी भाग तर युद्धापूर्वींच्या रूपांत न बांधतां त्याहून पुरातन अशा गॉथिक वळणावर बांधला. म्हणजे येथें भूतकाळ जसाच्या तसा परतला नाहीं. तो निवडून घेण्यांत आला. ही निवड लपविलेलीही नाहीं. १९८० मध्यें युनेस्कोनें जुन्या वॉर्साचा जागतिक वारशांत समावेश केला, तो वास्तूंच्या वयासाठीं नव्हे, तर इतक्या समग्र पुनर्रचनेचें उदाहरण म्हणून. राजवाडा मात्र राज्यकर्त्यांच्या अनिच्छेमुळें पुष्कळ वर्षें रखडला. १९७१ मध्यें अनुमति मिळाली, तेव्हां लोकांच्या वर्गणीवर तो उभा राहिला; लोरेन्त्स यांनीं आगींतून वाचविलेले अवशेष नव्या भिंतींत सामावून घेतले. १९ जुलै १९७४ रोजीं मनोऱ्यावरील घड्याळ पुन्हा चालू झालें. तें सुरू करण्यांत आलें तें सव्वाअकरा वाजतां, म्हणजे जेथें थांबलें होतें तेथूनच.

पुष्कळ प्रवासी येथें आपलें वॉर्सादर्शन संपवितात. कथा गोड झालेली असते. शत्रूनें पाडलें, लोकांनीं उभारलें. परंतु दुसऱ्या दिवशीं जुन्या गांवाच्या वेशीबाहेर पडून पश्चिमेकडे मैलभर चाललें, तर मुरानूव नांवाची वस्ती लागते. येथें पाहण्यासारखें असें प्रथमदर्शनीं कांहींच नाहीं. साध्या चाळवजा इमारती, झाडें, मुलांचीं खेळण्याचीं मैदानें. पायाखालच्या फरसबंदींत शहरांत ठिकठिकाणीं एक लोखंडी पट्टी दिसते. घेट्टोची भिंत कोठून जात होती, हें ती पट्टी दाखविते.

युद्धापूर्वीं वॉर्साची लोकसंख्या सुमारें तेरा लाख होती आणि त्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यू लोकांचा होता. नोव्हेंबर १९४० मध्यें जर्मनांनीं त्यांस भिंतीआड कोंडलें. साडेतीन चौरस किलोमीटरांहूनही लहान अशा जागेंत चार लाखांहून अधिक माणसें राहूं लागलीं. भुकेनें आणि रोगानें तेथें ऐंशी हजारांहून अधिक माणसें मेलीं. १९४२ च्या उन्हाळ्यांत दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक लोकांस आगगाड्यांत भरून ट्रेब्लिंका येथील संहारकेंद्रांत नेण्यांत आलें. जे उरले त्यांनीं १९ एप्रिल १९४३ रोजीं शस्त्र उपसलें. तें युद्ध जिंकण्यासाठीं नव्हे, तर मरण कसें यावें हें आपण ठरविण्यासाठीं. मे महिन्यांत तो लढा संपला. मुख्य सिनॅगॉग उडवून देण्यांत आला आणि पुढें संपूर्ण वस्ती भुईसपाट करण्यांत आली. बोहदान लाखेर्त या शिल्पज्ञानें पुढें जी नवी वस्ती योजिली, ती त्याच ढिगाऱ्यावर आणि त्याच ढिगाऱ्याच्या चुऱ्यापासून केलेल्या ठोकळ्यांनीं बांधलेली आहे. कित्येक घरें रस्त्याहून उंचावर कां आहेत आणि तेथें पायऱ्या चढून कां जावें लागतें, याचें कारण हें.

या वस्तींतही कागद दडविले गेले होते. इतिहासकार इमान्युएल रिंगेलब्लुम व त्यांचे सोबती यांनीं घेट्टोंतील जीवनाची साक्ष गुप्तपणें गोळा केली : रोजनिशा, पत्रें, शाळेंतील निबंध, सरकारी हुकूम, रेशनचीं तिकिटें. ही साक्ष धातूच्या पेट्यांत आणि दुधाच्या मोठ्या किटल्यांत भरून त्यांनीं जमिनींत पुरली. त्यांतील एक भाग १९४६ मध्यें आणि दुसरा १९५० मध्यें सांपडला. रिंगेलब्लुम स्वतः मार्च १९४४ मध्यें मारले गेले होते. मिळून सुमारें पस्तीस हजार पृष्ठें हातीं आलीं.

एकाच शहरांतील हे कागदांचे दोन सांठे मनांत शेजारीं ठेवून पाहावे. एका सांठ्यावरून जुनें गांव पुन्हा उभें राहिलें. दुसऱ्या सांठ्यांत एका समाजाचें सर्व जीवन लिहिलेलें होतें. पण त्यावरून कांहींही उभारतां येणार नव्हतें. दगडास दगड ठेवतां येतो. गेलेल्या माणसाच्या जागीं माणूस ठेवतां येत नाहीं. आणि ज्यांनीं तीं घरें पुन्हा मागितलीं असतीं, ज्यांच्या देवळासाठीं वर्गणी गोळा झाली असती, ते लोकच उरले नव्हते. एखादी वस्ती पुन्हा बांधण्यास आराखडे लागतात हें खरें. पण त्याहून आधीं ती हवी असणारीं माणसें लागतात. मुरानूव येथें १९४८ मध्यें उभारलेलें नाथान रापोपोर्ट यांचें स्मारकशिल्प आणि त्यापुढें २०१३ मध्यें उघडलेलें पोलिश ज्यूंच्या इतिहासाचें संग्रहालय, या दोन वास्तु आज त्या रिकाम्या जागेची साक्ष देतात.

या स्मारकापासून जुन्या गांवाकडे परततांना जनरल आंडर्स यांच्या नांवाचा रस्ता लागतो, आणि त्याच्या कडेला, क्रासिन्स्की उद्यानाजवळ, मोंते कासिनोच्या लढाईचें स्मारक आहे. मराठी प्रवाशानें तेथें आवर्जून थांबावें. या स्मारकाजवळ एका फलकावर वळिवडे-कोल्हापूर हें नांव आहे. १९४० व १९४१ मध्यें रशियानें पूर्व पोलंडांतील लक्षावधि लोकांस सैबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केलें होतें. पुढें सुटका झाल्यावर १९४२ मध्यें आंडर्स यांच्या सैन्यासमवेत त्यांतील कित्येक स्त्रिया व मुलें इराणांत पोंचलीं, आणि तेथून हिंदुस्थानांत आलीं. जामनगरच्या जामसाहेबांनीं बालाचडी येथें मुलांस आसरा दिला, म्हणून वॉर्सांतील एका चौकास भल्या महाराजांचें नांव आहे. कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें १९४३ ते १९४८ या काळांत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. तेथें त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, नाटकें होत होतीं. पंचगंगेच्या खोऱ्यांत पोलंडचें एक लहानसें गांवच वसलें होतें.

या पाहुण्यांपैकीं बहुतेकांचें घर वॉर्सांत नव्हतें, पूर्वेकडील मुलुखांत होतें. आणि युद्धानंतर तो मुलूख सोव्हिएट राज्यांत गेला. त्यांचीं घरें कदाचित् उभींही असतील. पण त्यांस तेथें परत जातां येत नव्हतें. कोणी नव्या पोलंडांत गेले, कोणी इंग्लंडांत, कोणी त्याहूनही दूर. वॉर्साच्या जुन्या गांवास माणसें होतीं, म्हणून घरें उभीं राहिलीं. मुरानूव येथें घरेंही गेलीं आणि माणसेंही गेलीं. वळिवड्याच्या पाहुण्यांचीं माणसें वांचलीं, पण घर परकें झालें. एकाच युद्धानें केलेल्या हानीचे हे तीन प्रकार दोन दिवसांच्या फेरींत एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर भेटतात.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं प्रवासी सामान घेण्यासाठीं राजवाड्याच्या चौकांतून परत जातो, तेव्हां तांबूस भिंती, उतरतीं कौलें आणि खांबावरचा राजा हीं सर्व तींच असतात. पहिल्या दिवशीं तीं जुनीं म्हणून त्यास आवडलेलीं असतात. आतां तीं नवीं आहेत हें त्यास ठाऊक असतें, आणि तरीही त्यांचें मोल कमी झालेलें नसतें. फरक इतकाच कीं, निघण्यापूर्वीं तो राजवाड्याच्या कडेला जाऊन ते आडवे पडलेले खांब पुन्हा एकदां पाहतो.